सीम रिपर कुठला घ्यायचा आणि उसवायचं कसं, ब्लाउज अल्टरेशनवालीचा सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग सविस्तर बोलू. एकच रिपर, म्हणजे टाके कापून शिवण उसवायचं ते छोटं हत्यार, घ्यायचा असेल तर क्लोव्हरचा पांढऱ्या मुठीचा घ्या. तेवढे पैसे घालायचे नसतील तर पोनीचा मोठ्या मुठीचा घ्या, रोजच्या कामाला छान आहे. आणि मशिनच्या डब्यात जो बोटाएवढा चपटा रिपर येतो तो काज कापायला बाजूला ठेवा, त्याने अख्खा ब्लाउज उसवत बसू नका, मनगटही दुखेल आणि कापडही जाईल.

मी घरून अल्टरेशन करते. मुख्य ब्लाउज, मग पंजाबी ड्रेस, रेडिमेड कुर्त्या, लग्नसराईत पैठणीचे ब्लाउज आणि लहान मुलींची परकर-पोलकी. अल्टरेशनमध्ये शिवायचं काम थोडं आणि उसवायचं जास्त असतं हे ज्यांनी केलंय त्यांना माहितीये, अर्धा-एक इंच सैल करायचं तर टीप मारायला पाच मिनिटं लागतात पण त्याआधी पायपिन (कडेचा गोट) सोडवा, बाही सुटी करा, मुंढ्याची (बाही जोडतो तिथली) टीप उसवा, अस्तर वेगळं करा, सगळा वेळ त्यातच जातो. म्हणून माझ्या टेबलावर मशिननंतर सगळ्यात जास्त हातात असणारी वस्तू म्हणजे रिपर, आणि दुकानात सगळ्यात कमी विचार करून घेतली जाणारी वस्तू पण तीच. लोक मशिनवर हजारो रुपये घालतात, कात्री बघून-पारखून घेतात, आणि रिपर मात्र काउंटरवरच्या डब्यातून कुठलाही उचलतात. मला हे अजिबात पटत नाही. बोथट रिपरला जोर द्यावा लागतो, जोर दिला की टाका एकदम सुटतो आणि हात पुढे जातो, आणि पुढे काय असतं तर कापड.

आता नेमकं बघायचं काय. रिपरला दोन फाटे असतात, एक लांब टोकदार आणि एक आखूड ज्याच्या टोकाला लाल गोळी असते, आणि दोघांच्या मधे यू आकाराची खाच. बऱ्याच जणींना वाटतं कापतं ते टोक. टोक काही कापत नाही, टोक फक्त टाक्याखाली शिरतं आणि टाका वर उचलतं, कापायचं काम त्या खाचेतल्या धारेचं. त्यामुळे दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासायच्या, टोक किती बारीक आहे आणि खाचेत धार कशी आहे. टोक जाड असेल तर बारीक टाक्याखाली जातच नाही, मग आपण ते खुपसतो आणि कापडाचा एखादा धागा पण त्याबरोबर उचलला जातो, आणि कॉटनमधे कळत नाही पण सिल्कमधे लगेच रेघ दिसते.

दुकानात मी काय करते ते सांगते. कॅप काढायची, खाच उजेडाकडे धरायची, धारेची कड सगळीकडून सारखी चकाकली पाहिजे, मधेच काळपट किंवा खरखरीत दिसली तर ठेवून द्यायचा. मग पर्समधला शिलाईचा दोरा काढायचा, मी रिळाचा तुकडा नेहमी ठेवतेच, आणि दोन बोटांत ताणून धरून त्यावर खाच नुसती टेकवायची. चांगला रिपर टेकवताच दोरा कापतो, करवतीसारखं मागे-पुढे करावं लागलं तर तो रिपर घ्यायचा नाही, कितीही सुंदर रंगात असला तरी. हे पॉलिस्टरच्या दोऱ्यावर करून बघा, कॉटनचा दोरा कशानेही तुटतो. त्यानंतर लाल गोळी नखाने हलवून बघायची, हलली तर पंधरा दिवसांत पडणार. शेवटी दांडी मुठीत घट्ट आहे का ते, अंगठ्याने जरा दाबून. काही दुकानदार कुरकुर करतात पण बहुतेकांना उलट बरं वाटतं की गिऱ्हाइकाला कळतंय.

गोळी कशाला असते हा प्रश्न मला क्लासच्या मुली सारख्या विचारतात. दोन थरांच्या मधून रिपर सरकवत सरळ टीप फाडत न्यायची असेल तर गोळीचा फाटा आत, म्हणजे दोन थरांच्या मधे जिथे आपल्याला दिसत नाही तिथे जातो, आणि टोकदार फाटा आपल्या डोळ्यांसमोर राहतो. न दिसणारी बाजू गोळीमुळे कापडात रुतत नाही. म्हणून गोळी पडलेला रिपर सरकवून वापरायचा नाही, एकेक टाका उचलायला चालेल फार तर.

आता एकेकाबद्दल.

मशिनच्या डब्यातला. लांबी कमी, मूठ चपटी, मुठीत धरता येत नाही नीट, दोन बोटांच्या चिमटीत धरावा लागतो. एखादी टीप चुकली, चार टाके उसवायचे, तेवढ्याला ठीक. काजाला मात्र तो मला आवडतो कारण आखूड असल्यामुळे हातात राहतो. काज कापताना एक गोष्ट पाळाच, काजाच्या ज्या टोकाकडे तुम्ही कापत जाणार त्या टोकाला आडवी टाचणी लावा, म्हणजे रिपर टाचणीवर अडतो आणि पुढचा भरलेला टाका कापला जात नाही. रोज काजं करणाऱ्या लोकांकडे छिन्नी आणि हातोडी असते, एका ठोक्यात काज उघडतं, पण घरी एवढं कोण आणणार.

बाजारातले बिननावाचे. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला शिलाई मटेरियलच्या दुकानात हे मूठमूठ मिळतात, अगदी किरकोळ किमतीत, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही कारण त्यात चांगला निघतोही, फक्त निवडून घ्यावा लागतो. वर सांगितलेली दोऱ्याची टेस्ट सगळ्यात जास्त इथे उपयोगाची. दहातले दोन-तीन खरंच छान असतात. अडचण ऑनलाइनची आहे, तिथे हातात घेऊन बघता येत नाही. मी एकदा लहान-मोठे असे बरेच रिपर, कात्री, टेप असा सगळा सेट मागवला होता, ब्रँडचं नाव घेत नाही, फोटोत झकास होता. आला तेव्हा निम्म्या रिपरच्या खाचेत धार लावलेलीच नव्हती, नुसता पत्रा ठोकून वळवलेला, आणि कडेला बारीक कुसळं होती त्यात दोरा अडकून बसायचा, कापला जायचाच नाही. परत करायला गेले तर म्हणे पॅक फोडलंय. असले सेट घेऊ नका, वीस वस्तू स्वस्तात मिळवण्यापेक्षा एक रिपर नीट घ्या.

पोनीचा मोठ्या मुठीचा. आपल्याकडे सुया, विणकामाच्या सळया, क्रोशाच्या सुया यांच्यासाठी पोनीचं नाव सगळ्यांना माहीत आहेच. यांचा मोठा रिपर तळहातात नीट बसतो, कॅप उलट्या बाजूला लावली की मूठ अजून लांब होते आणि कॅप हरवत पण नाही. टोक मध्यम, म्हणजे अगदी बारीक नाही आणि जाडही नाही. कॉटन, खण, इरकल, पॉपलिन, कुर्त्यांचं रेयॉन, शाळेचे युनिफॉर्म, या सगळ्याला मी हाच वापरते. जीन्सच्या जाड दोऱ्याला पण हाच, कारण तिथे बारीक टोक वाकायची भीती असते.

क्लोव्हर. जपानची, ओसाकाची कंपनी, १९२५ पासूनची, क्रोशा करणाऱ्यांना नाव माहीत असणारच. आपल्याकडे ऑनलाइन आणि क्विल्टिंगचं सामान ठेवणाऱ्या मोजक्या दुकानांत मिळतो. किंमत साध्या रिपरच्या कितीतरी पट, त्यामुळे ऑर्डर करताना हात अडखळतो हे मान्य. पण पहिल्यांदा हातात घेऊन सिल्कच्या टाक्याखाली टोक घातलं ना तेव्हा कळलं पैसे कशाचे आहेत. टोक इतकं बारीक आहे की दाट टिपेत, म्हणजे जिथे टेलरने टाका अगदी लहान ठेवलाय तिथे सुद्धा ते कापडाला न टोचता दोऱ्याखालून जातं, आणि खाचेपर्यंत दोरा पोचला की वेगळा झटका द्यावा लागत नाही, मनगट किंचित वर केलं की बारीकसा टक् आवाज येतो आणि पुढचा टाका. मूठ मधे फुगीर आहे, घामेजल्या हातात फिरत नाही. मी हा फक्त सिल्क, शिफॉन, जॉर्जेट आणि अस्तराच्या कामाला ठेवलाय, घरातल्या कोणालाही पाकिटं फोडायला देत नाही. खरंच सांगते, कागद-प्लास्टिक-सेलोटेप कापायला रिपर दिला की त्याची धार गेलीच समजा.

जर्मनीत किंवा युरोपात कोणी नातेवाईक असतील आणि काय आणू विचारत असतील तर प्रिमचा रिपर सांगा. १५३० पासूनची कंपनी आहे ही, बटणं, टिचबटणं, टाचण्या यांच्यात मुरलेली. मुठीची पकड उत्तम आहे, जाड बोटांच्या लोकांना क्लोव्हरपेक्षा कदाचित हाच जास्त आवडेल.

दिवा लावलेले, भिंग लावलेले असेही रिपर मिळतात. मला नाही आवडले. भिंग डोळ्यासमोर धरायचं की कापडासमोर हेच कळत नाही, आणि दिव्याचा उजेड आपल्याच बोटांनी अडतो. त्यापेक्षा टेबलाला लावायचा वाकणारा एलईडी दिवा घ्या, तो डाव्या बाजूने तिरका पडू द्या, टाके उठून दिसतात. काळ्यावर काळा दोरा असेल तर टेलर्स चॉक टिपेवर हलका घासायचा, दोरा कापडापेक्षा उंच असतो म्हणून चॉक दोऱ्यावर बसतो आणि टीप पांढरी दिसायला लागते. चाळिशीनंतर हा उपाय फार उपयोगी.

ब्लेडबद्दल. आपल्याकडच्या जुन्या टेलर मास्तरांचं सगळं काम दाढीच्या अर्ध्या ब्लेडवर चालतं, आणि त्यांचा हात असा बसलेला असतो की आपण बघत राहावं, दोन्ही थर ताणून धरायचे आणि ब्लेड नुसतं टेकवत जायचं, सर्रकन बाही सुटी. मी त्यांना रिपर घ्या असं सांगायला जाणार नाही, पण नवीन शिकणाऱ्याने ब्लेडपासून सुरुवात करू नये हे मात्र ठामपणे सांगते, ब्लेडला ना गोळी ना खाच, कापड आणि दोरा यांच्यात ते काही फरक करत नाही. ज्यांचा हात बसलाय आणि ज्यांना रोजची ढीगभर उसवणी आहे त्यांनी सर्जिकल ब्लेड बघा. सर्जिकलच्या दुकानात ३ नंबरचं हँडल आणि त्यावर बसणारं १२ नंबरचं ब्लेड मागायचं. हे ब्लेड कोयत्यासारखं वाकलेलं असतं आणि धार आतल्या बाजूला, त्यामुळे दोरा आपोआप बाकात येऊन कापला जातो. धार भयंकर असते. ब्लेड बसवताना-काढताना पकड वापरायची, हाताने नाही. कार्बन स्टीलचं असेल तर पावसाळ्यात गंजतं म्हणून लागेल तसं एकेक पाकीट फोडायचं. घरात लहान मुलं असतील तर मी म्हणेन नकोच.

आता उसवायचं कसं यावर, कारण चांगला रिपर घेऊन पण चुकीच्या पद्धतीने उसवलं तर उपयोग काय.

साध्या मशिनच्या टिपेत दोन दोरे असतात, वरचा सुईतला आणि खालचा बॉबिनचा, आणि ते कापडाच्या पोटात एकमेकांत अडकलेले असतात. म्हणून एकाच बाजूचा दोरा कापायचा. उलट्या बाजूने दर चौथा टाका कापत जायचं, सात-आठ कट झाले की कापड उलटायचं आणि सुलट बाजूचा दोरा हळूच ओढायचा, तो लांबच्या लांब अख्खा निघून येतो. हिशोब बघा, ब्लाउजची बाजूची टीप साधारण आठ इंच, टाका अडीच मिलीमीटरचा म्हणजे इंचाला दहा टाके, एकूण ऐंशी. एकेक टाका कापला तर ऐंशी कट आणि ऐंशी दोऱ्याचे तुकडे वेचायचे, चौथा कापला तर वीस कटात काम झालं. टाके मोठे असतील तर पाचवा-सहावा कापला तरी चालतं, दोरा ओढताना अडला की तिथे एक कट वाढवायचा, जोर लावायचा नाही, जोराने कापड गोळा होतं आणि चुण्या पडतात. सुरुवातीला आणि शेवटी जिथे मशिन मागे-पुढे करून पक्की टीप मारलेली असते तिथे मात्र एकेक टाका सोडवावा लागतो, ते टाळू नका.

दोन थर उघडून मधून रिपर सरकवत फाडायची पद्धत लवकर होते, पण ती फक्त घट्ट विणीच्या कापडाला, तेही माया, म्हणजे टिपेबाहेर आत सोडलेलं जादा कापड, भरपूर असेल तरच. जॉर्जेट, शिफॉन, नेट, होजियरी (टी-शर्टसारखं ताणणारं कापड) यांना कधीही नाही.

हात कमी पडतो ना, एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्याने रिपर, आणि दुसरं टोक धरणार कोण? टीपेचं एक टोक मशिनच्या पायाखाली, म्हणजे प्रेसर फूटखाली दाबून ठेवा, सुई वर, पाय खाली. डाव्या हाताने ताणा, उजव्याने उसवा. डावखुऱ्यांनी उलटं. रिपर डावखुऱ्यांनाही तसाच चालतो ही एक मोठी सोय आहे, कात्रीसारखा वेगळा शोधावा लागत नाही.

इंटरलॉक, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून कापडाच्या कडेवर मशिनने घातलेली गुंफण, बघून घाबरायला होतं पण त्यातही युक्ती आहे. रेडिमेड कुर्तीच्या कडेला चार दोऱ्यांचं इंटरलॉक असेल तर दोन दोरे सरळ रेषेत दिसतात, ते सुयांचे, आणि दोन कडेवरून नागमोडी जातात, ते लूपरचे, म्हणजे त्या मशिनच्या दोरा गुंफणाऱ्या आकड्यांचे. कडेवरून रिपर सरकवत नागमोडी दोरे कापून टाकायचे, मग सुईचे दोरे सरळ ओढून निघतात. पाच दोऱ्यांचं असेल तर आतल्या बाजूला जी वेगळी टीप असते ती साखळीची असते, आणि साखळी टीप म्हणजे साखरेच्या पोत्याचं तोंड, बरोबर टोक सापडलं की एका ओढीत सगळी उसवते, चुकीच्या टोकाने ओढत बसलं तर गाठ आवळते. जिथे शिवण संपते ते टोक शोधायचं, तिथला शेवटचा फासा मोकळा करायचा.

हेच साखळीचं प्रकरण आरी वर्कच्या, म्हणजे आकड्याच्या सुईने भरतकाम केलेल्या ब्लाउजमधे जपावं लागतं. आरीचं काम साखळी टाक्याचं, आणि हल्ली गळ्यापासून बाहीच्या मुंढ्यापर्यंत काम भरलेलं असतं. उसवताना रिपरचं टोक चुकून आरीच्या दोऱ्याला लागलं आणि तो तुटला तर मणी-टिकल्या एकापाठोपाठ सुटत जातात, दिवसा केलेलं काम रात्रीपर्यंत अर्धं गळून जातं. माझी पद्धत अशी आहे की आरी वर्कच्या जवळ दोन बोटं अंतरापर्यंतच रिपर, त्यापुढे उलट्या बाजूने, अस्तर बाजूला करून, एकेक टाका निपरने. निपर म्हणजे ती स्प्रिंगची चिमट्यासारखी धागा कातरायची कात्री, रिपरची बहीण समजा. गिऱ्हाइकाने घाई केली तरी मी या कामाला त्याच दिवसाचा वायदा देत नाही.

पैठणीचं सांगते. जांभळ्या पैठणीचा ब्लाउज आला होता, नवरीच्या काकूंचा, काठ बाहीला आणि पाठीला लावलेले, बरीच वर्षं कपाटात घडी करून ठेवलेला. दंडात आणि छातीत दोन्हीकडे घट्ट. आत बघितलं तर शिवणाऱ्याने बाजूला भरपूर माया सोडून पाव-पाव इंचावर तीन टिपा घातल्या होत्या, बघूनच बरं वाटलं. सगळ्यात आतली फिटिंगची टीप उसवली की पुढच्या-मागच्या भागाला पाव-पाव इंच, म्हणजे एका बाजूला अर्धा आणि दोन्ही बाजू मिळून एक इंच मिळतो, पुन्हा शिवायची पण गरज नाही, कारण बाहेरची टीप आहेच. पण जरीचा काठ असला की रिपरचं टोक जरीच्या तारेत अडकतं. तिथे टोक खुपसायचंच नाही, काठाच्या भागापुरती उलटी बाजू, टाचणीने टाका जरा वर उचलायचा आणि मग त्याखाली क्लोव्हरचं टोक. उसवून झाल्यावर टिपेच्या जागी रंगाची गडद रेघ राहिली, बाकी कापडाचा रंग थोडा उतरलेला होता ना. हे गिऱ्हाइकाला आधी दाखवायचं, तिथल्या तिथे, दोन टाके उसवून. त्या म्हणाल्या राहू दे, हाताखाली कोण बघतंय, मग पुढे गेले.

सुईची भोकं राहतात त्याबद्दल. कॉटनला पाण्याचा हलका हबका मारून नखाने आडवं-उभं घासायचं आणि वाफेची इस्त्री, धागे परत जागेवर सरकतात आणि भोकं जातात. सिल्कवर पाणी मारू नका, डाग पडतो, उलट्या बाजूने वरती कॉटनचं फडकं ठेवून इस्त्री करायची आणि बोटाने हळू सारखं करायचं, पुष्कळशी जातात, सगळी जातील असं वचन मी देत नाही. साटिनला राहतात. रेक्झीन आणि लेदरला तर कायमची राहतात, तिथे उसवायच्या आधी नवी टीप त्याच जागी किंवा आतल्या बाजूला लपेल अशी घालता येईल का याचा विचार आधी करायचा. आणि परत शिवताना पातळ कापडाला ११ नंबरची सुई लावा, १६ ची तशीच ठेवून शिवलं तर नवीन भोकं जुन्यापेक्षा मोठी.

उरलेले दोऱ्याचे तुकडे वेचायला सेलोटेप किंवा कपड्यांवरचा लिंट काढायचा रोलर. काही रिपरच्या मागच्या टोकाला रबरी बोंडूक असतं, ते घासलं की तुकडे गोळा होतात, भारतात फार दिसत नाहीत पण कल्पना चांगली आहे. साधा खोडरबर पण जवळपास तेच करतो, मात्र नवा आणि पांढरा घ्या, रंगीत खोडरबर कापडावर रंग सोडतो.

साडीचा फॉल काढायला मी रिपर वापरत नाही हेही सांगून ठेवते. फॉलची हातशिलाई सैल असते, बारीक टोकाच्या छोट्या कात्रीने मधे मधे कापून दोरा ओढला की निघतो, आणि रिपरचं टोक साडीच्या अंगात शिरायची भीती राहत नाही. बटण काढताना पण रिपर बटण आणि कापडाच्या मधे आडवा घालायचा, टोक बाहेरच्या दिशेला, शर्टाच्या दिशेला नाही.

राहता राहिलं टिकायचं. रिपरला घरी धार लावता येत नाही, खाच इतकी अरुंद असते की दगड तिथे पोचत नाही, म्हणून तो बदलायचाच असतो. सणावारापुरतं शिवणाऱ्यांना एक रिपर वर्ष-दोन वर्षं आरामात जातो, माझ्यासारख्या रोजच्या कामात काही महिने. पॉलिस्टरचा दोरा चिवट असतो, धार तोच जास्त खातो. बदलायची वेळ कशी ओळखायची, तर दोरा कापला जायच्या ऐवजी खाचेत ताणला जातो आणि त्याला केसाळ टोकं फुटतात, हे दिसलं की त्याच दिवशी नवीन काढायचा. मी म्हणून पोनीचा एक जास्तीचा आणूनच ठेवते. पावसाळ्यात काम झालं की शिलाई मशिनच्या तेलाचं बोट फडक्याला लावून खाच पुसायची आणि कॅप लावायची, दुसऱ्या दिवशी वापरायच्या आधी कोरड्या चिंधीवर दोनदा ओढायचा म्हणजे तेलाचा डाग कापडावर जात नाही. फेकताना नुसता कचऱ्यात टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्या बायकांच्या हाताला लागतो, कॅप लावून वरून सेलोटेप गुंडाळून, किंवा माझ्यासारखी मोडक्या सुया-टाचण्यांची एक जाड प्लास्टिकची बाटली ठेवा, त्यात टाका आणि भरली की झाकण घट्ट लावून वर लिहून द्या.

क्लोव्हरला माझ्याकडून पाचपैकी पाच, पोनीला चार, पेठेतल्या बिननावाच्याला निवडून घेतला तर साडेतीन. क्लासला जाणाऱ्या मुलींनी पोनीनेच सुरुवात करावी, हात बसला आणि सिल्कची कामं यायला लागली की क्लोव्हर घ्या. कोणी होजियरी, म्हणजे टी-शर्ट, लेगिंग, स्पोर्ट्सचे कपडे उसवत असाल तर तुम्ही काय वापरता ते जरूर सांगा, तिथे ताणणाऱ्या दोऱ्याला माझ्या दोन्ही रिपरपेक्षा निपरच बरा पडतो असा माझा अनुभव आहे.